शिलाईतली माया

नोव्हेंबर म्हटलं की मला थंडी आठवत नाही, खोबरेल तेलाची बाटली आठवते. निळी, प्लास्टिकची, सगळ्यांत लहान आकाराची. बँकेतल्या माझ्या काउंटरवर ती स्टँपपॅड आणि टाचण्यांच्या डबीच्या मध्ये उभी असायची. नवीन आलेले मॅनेजरसाहेब पहिल्या दिवशी तिच्याकडे बघायचे, मग माझ्या केसांकडे बघायचे आणि काही न बोलता केबिनमध्ये जायचे.

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे बँकेला सांगायचं, म्हणजे हयातीचा दाखला द्यायचा. पूर्वी कागदावर सही किंवा अंगठा चालायचा. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं आणि आधार क्रमांक नि बोटाचा ठसा यांच्यावर काम व्हायला लागलं. कागद बंद झाला नव्हता, पण वरून आग्रह यंत्राचा. बोट ठेवा, हिरवा दिवा लागला की झालं. आता आमचा भाग पडला सातारा जिल्ह्याचा, घरटी एक फौजी. काउंटरसमोर निम्म्या बायका जवानांच्या विधवा, कुटुंब निवृत्तिवेतनावर असलेल्या. साठ-सत्तर वर्षं भांगलण, शेणगोठा, राखेनं घासलेली भांडी. त्या बोटांवर रेषा उरलेल्याच नसतात. लाल दिवा, पुन्हा लाल दिवा, परत लाल दिवा. एक आजी एकदा यंत्राकडे वाकून बघत म्हणाल्या, “काय म्हंतंय ते? म्या न्हाई व्हय जित्ती?”

मग मी एक पद्धत बसवली. ओल्या फडक्यानं बोट पुसायचं, तेलाचा एक थेंब लावून चोळायचं, पुन्हा कोरडं करायचं आणि काचेवर हळू दाबायचं, रेटायचं नाही. अंगठा नाहीच लागला तर मधलं बोट. बहुतेक वेळा तिसऱ्या खेपेला हिरवा यायचा. परिपत्रकात लिहिलं होतं, ‘बायोमेट्रिक पडताळणी करावी’. त्यात तेल नव्हतं. खर्च कुठल्या खाती टाकायचा हा प्रश्न आला नाही, कारण मी तो टाकलाच नाही. एक बाटली अख्खा महिना पुरायची.

माझी आई घरी शिवणकाम करायची. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, आम्हा भावंडांचे शाळेचे गणवेश. कापड बेतताना तिचा ठरलेला प्रश्न असायचा, “माया किती सोडू?” शिलाईच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात ती माया. उद्या अंग भरलं, पोरगी उंच झाली, तर उसवून सैल करता यावं म्हणून. माझा सातवीचा गणवेश पाचवीत शिवलेला होता. दर जूनमध्ये त्याच्या घेरातून इंच-दीड इंच कोरं निळं कापड बाहेर यायचं आणि वरचं सगळं विटलेलं. त्या पट्ट्या मोजून माझी उंची सांगता आली असती. दुकानात तयार फ्रॉक दिसला की आई तो उलटा करून शिलाई बघायची आणि परत ठेवायची. “मायाच नाय ह्यात.”

बँकेत सदतीस वर्षं काढली. तिथं काय टिकवून धरतं आणि काय माणसाला आतून उसवतं, याचा विचार करायला लागले की मला आईची ती कातर आठवते. ड्युटी लिस्ट म्हणजे वरचं कापड. ते सगळ्यांना एकाच मापाचं मिळतं. अंगाला बसतं ते आतल्या दुमडीमुळे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते अण्णांच्या कामात. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत वाहक होते. त्यांची ड्युटी वर्षानुवर्षं मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी तालुक्याहून निघायचं, कोयनेच्या खोऱ्यातल्या शेवटच्या गावी रात्री पोचायचं, तिथंच झोपायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत. बाकीचे वाहक ही ड्युटी टाळायचे, अण्णा मागून घ्यायचे. काम काय, तर तिकिटं पंच करायची, पैसे घ्यायचे, वेबिल भरायचं, घंटी मारायची. पण अण्णांच्या खाकी शर्टाच्या खिशात एक बोटभर जाडीची डायरी असायची आणि खरी गाडी तिच्यावर चालायची. कुठल्या वाडीतल्या म्हातारीची दम्याची औषधं संपत आलीत, कुणाच्या पोराचा दहावीचा नंबर घेऊन निकाल बघायचाय, कुठल्या थांब्यावरच्या शाळेच्या पोरी शनिवारी लवकर सुटतात. एक जूनला एसटीचा वाढदिवस. १९४८ साली त्या दिवशी पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली होती. अण्णा दर एक जूनला आपल्या गाडीला पदरच्या पैशानं हार घालायचे आणि त्या दिवशी गाडीत बसणाऱ्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटायचे.

मी दहा वर्षांची असताना एकदा हट्ट करून त्यांच्याबरोबर मुक्कामाला गेले होते. रात्री देवळाच्या ओसरीवर कंदील होता. अण्णांनी पोतं अंथरून चिल्लरीचे मनोरे रचले, वेबिलाशी हिशेब जुळवला. भोवती गावातली आठ-दहा माणसं गप्प बसून होती. हिशेब लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही हा नियम तिथल्या लोकांनीच केलेला. शेवटचं नाणं पिशवीत पडलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. कुणी भाकरी आणली, कुणी कोरड्यास. त्या गावात ‘गाडी आली’ असं म्हणत नसत, ‘अण्णा आलं’ म्हणत.

सगळे टाळतात ती ड्युटी तुम्ही का मागता, असं मी मोठेपणी विचारलं होतं. म्हणाले, “तिथं मला कोन इचारीत न्हाई, अन् समदी मलाच इचारत्यात.”

मी १९८८ ला बँकेत क्लार्क म्हणून लागले. पितळी टोकनं, जाडजूड लेजरं, संध्याकाळी टॅली लागेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, असा तो काळ. २००७ मध्ये आमच्याच तालुक्याच्या शाखेत मला पासबुक नि पेन्शनचं काउंटर मिळालं. मिळालं म्हणजे माझ्या गळ्यात पडलं. कॅशला मान असतो, कर्जविभागाला तर सलाम असतो. पासबुकाचं काउंटर म्हणजे काळं पाणी. दिवसभर प्रिंटरची करकर, रिबन फाटलेली, ऐकू न येणारी गिऱ्हाइकं. पहिले सहा महिने मी रोज रात्री नवऱ्याला एकच वाक्य ऐकवायचे, उद्या बदलीचा अर्ज देते.

बदल कसा झाला याला काही मोठं कारण नाही. एका दुपारी दोन म्हाताऱ्या बायका माझ्यासमोर रांगेत उभ्या होत्या आणि मला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. पावणेएक होत आले होते. खोऱ्यात जाणारी गाडी पावणेएकची, त्यानंतरची सव्वाचारची. अण्णांच्या घरात वाढलेल्या पोरीला पाढे नसले तरी एसटीचं वेळापत्रक पाठ असतं. त्या दोघींची गाडी माझ्या डोळ्यांदेखत चुकली आणि त्या स्टँडवर साडेतीन तास बसून राहिल्या. दुपारी चहाला बाहेर पडले तेव्हा मला दिसल्या, शेंगा सोलत बसलेल्या. माझ्याकडे बघून हसल्याही.

दुसऱ्या दिवसापासून मी साडेअकराला उठून विचारायला लागले, “पावणेएकची गाडी कुणाकुणाला आहे?” त्यांची पुस्तकं आधी घ्यायची. खोऱ्यातले, मोरगिरीकडचे आधी, गावातले नंतर. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला हे पटलं नाही. “मॅडम, रांग ती रांग. उद्या कुणी म्हणालं मला विमान पकडायचंय, तर?” त्याचं चूक नव्हतं. रांग ही गरिबाच्या बाजूची गोष्ट आहे, ती मोडली की आधी मोठ्या माणसाचा नंबर लागतो हे मलाही माहीत होतं. म्हणून मी रांगेलाच विचारायचं ठरवलं. “यांना पुढं घेऊ का?” लोक बहुधा हो म्हणत. एकदा एका निवृत्त गुरुजींनी स्पष्ट नाही सांगितलं. त्यांचा हक्क होता, मी वाद घातला नाही. त्या दिवशी कुणाची तरी गाडी चुकली आणि गुरुजी पुढच्या महिन्यापासून दुपारी दोननंतर यायला लागले.

या एका बदलानं माझं काय झालं, ते सांगायला मला अजून नीट जमत नाही. घड्याळ तेच होतं. आधी मी त्याच्याकडे साडेपाच कधी वाजतात म्हणून बघायची, आता पावणेएक कधी होतात म्हणून. काम वाढलं, पण थकवा कमी झाला. आपण ‘बँकेत’ जातो याचं ‘आमच्या बँकेत’ कधी झालं, कळलं नाही. कुणी गवारीची पिशवी ठेवून जायचं, कुणी हरभऱ्याचा पाला. गवार शिजवून आणली की दुपारी सगळ्यांच्या डब्यांत जायची आणि मग सगळे माझ्या म्हाताऱ्यांची नावानिशी चौकशी करायचे. तरी मला सगळ्यांत जास्त बरं वाटलं ते मुलीच्या बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर. त्या तीन आठवड्यांत रोज साडेअकराला गाडीचं कोण विचारत होतं? तो रांग ती रांग म्हणणारा.

आमच्या शाखेत एक शिपाईमामा होते. पदाच्या कागदावर त्यांचं काम लेजरं ने-आण करणं, व्हाउचर शिवणं, पाणी देणं. मामांनी स्वतःला आणखी एक काम लावून घेतलं होतं: ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या स्लिपा भरणं. दाराजवळ एक स्टूल, कानामागं पेन. पैसे काढायच्या स्लिपेवर रक्कम लिहिण्याआधी ते हळूच विचारायचे, “समदं काढताय? शंभरेक रुपयं ऱ्हाऊ द्या की.” एका बाईच्या मुलानं आईला घेऊन येऊन सगळी रक्कम काढायला लावली, तेव्हा मामांनी मुद्दाम स्लिप चुकवली, दुसरी चुकवली, तिसरी भरता भरता दोन वाजवले आणि कॅश बंद झाली. त्या वेळी कॅश दोनपर्यंतच असायची. बाई दुसऱ्या दिवशी एकट्या आल्या नि निम्मेच पैसे काढले. नियमाच्या कुठल्या पानावर हे बसतं? मामा निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि पंधरा दिवसांत दारात नुसता कालवा. चुकलेल्या स्लिपा, परत जाणारी माणसं. मॅनेजरसाहेब वैतागून विचारायला लागले, “हे मामा नेमकं काय काम करत होते?” कुणालाच एका वाक्यात सांगता येईना.

या सगळ्याला एक नाव आहे हे मला खूप उशिरा, एका ट्रेनिंगमध्ये कळलं. ‘जॉब क्राफ्टिंग’. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोन अमेरिकन संशोधक बायकांनी २००१ साली हा शब्द रूढ केला. त्यांनी अभ्यासलेली माणसं साधी होती, एका इस्पितळातले सफाई कामगार. एकच इस्पितळ, एकच पद, झाडलोटही तीच. तरी काहीजण म्हणत की आमचं काम म्हणजे फरशी पुसणं, त्याला काही अक्कल लागत नाही. आणि काहीजण त्याच फरशीवर उभं राहून सांगत की आम्ही रुग्ण बरा करायला मदत करतो. हे दुसरे लोक नर्सच्या कामाची वेळ बघून आपलं काम लावत, एकट्या पडलेल्या रुग्णाशी दोन शब्द बोलत, म्हाताऱ्या नातेवाइकाला वाट दाखवायला बाहेरपर्यंत जात. बेशुद्ध रुग्णांच्या वॉर्डातली एक बाई भिंतीवरची चित्रं अधूनमधून एका खोलीतून दुसरीत हलवायची, बदल झाला तर कुणास ठाऊक, आत कुठंतरी काही हलेल म्हणून. हे तुझं काम आहे का, असं विचारल्यावर तिनं सांगितलं की कामाचा भाग नाही, माझा भाग आहे.

ट्रेनर हे स्लाइडवर दाखवत होता आणि मला मामांचं स्टूल दिसत होतं. त्याचं म्हणणं असं की माणूस काय करायचं ते थोडं बदलतो, कुणाशी किती संबंध ठेवायचा ते बदलतो, आणि आपण हे काय म्हणून करतोय तेही मनात बदलतो. माझ्या मते यातलं शेवटचं एकट्यानं कामाला येत नाही. नुसतं ‘मी देशाची सेवा करते’ असं मनात म्हणून प्रिंटरची रिबन बदलत राहिलं, तर महिन्याभरात ते वाक्य विटतं. माझ्या बाबतीत आधी गाडीची रांग झाली, अर्थ तिच्या मागून चालत आला.

तब्येतीचा संबंध मात्र कल्पनेतला नाही. लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांतल्या दहा हजारांहून जास्त नोकरदारांचा एक मोठा अभ्यास १९८५ पासून सुरू आहे. व्हाइटहॉल या नावानं तो ओळखला जातो आणि मायकेल मार्मट या डॉक्टरांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. त्यातून दिसलं ते असं: आपलं काम कसं करायचं यात ज्यांना काहीच बोलता येत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त होतं. हे पहाडात दगड फोडणारे नव्हेत, पगार, रजा, पेन्शन असलेले आमच्यासारखेच टेबलावरचे लोक. हे वाचलं त्या रात्री मी अण्णांना फोन केला. कशाला केला ते सांगितलं नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, सकाळी स्टँडवर फेरी मारून आल्याचं सांगत होता.

आणि नियम? आपल्याकडच्या संघटनांना एक हत्यार फार वर्षांपासून ठाऊक आहे, ‘नियमानुसार काम’. संप नाही, घोषणा नाहीत. फक्त पुस्तकात लिहिलंय तेवढंच आणि तसंच करायचं. प्रत्येक सही पडताळायची, प्रत्येक कागद वाचायचा. दुपारपर्यंत सगळं ठप्प. या हत्याराचा कबुलीजबाब किती मोठा आहे, याची मला नेहमी गंमत वाटते. कुठलंही ऑफिस लिहिलेल्या कामावर चालत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य असतं. फक्त एरवी कुणी बोलत नाही.

२०१८ मध्ये शाखेत टोकन मशीन आलं. पितळी टोकन नव्हे, बटण दाबलं की कागदी चिठ्ठी देणारं. भिंतीवर लाल आकडे, बाईचा आवाज, ‘टोकन क्रमांक बावीस, काउंटर तीन’. यंत्राला पावणेएकची गाडी माहीत नव्हती. मी एक-दोनदा क्रम सोडून बोलावलं, तर महिनाअखेरीच्या अहवालात माझ्या काउंटरपुढं तांबडी खूण आली. मी साडेअकराला उठणं बंद केलं. कुणी ओरडलं नव्हतं, कुणी छळलं नव्हतं. फक्त दुमडीतलं कापड कापून टाकलं होतं. पुढच्या वर्षी पुण्याला बदली झाली, त्याचं मला फारसं दुःखही झालं नाही, यावरून काय ते समजा.

पुण्यातलं ते प्रोसेसिंग सेंटर. एका मोठ्या हॉलमध्ये शंभरेक माणसं, प्रत्येकासमोर पडदा, राज्यभरातल्या शाखांमधून आलेले खातं उघडायचे अर्ज एकामागून एक. एक अर्ज, इतकी सेकंदं. गिऱ्हाईक नाही, घड्याळाकडे बघायला कारण नाही. ‘आपलेपणा’साठी मात्र तिथं एक स्वतंत्र समिती होती. शुक्रवारी रंगीत कपडे, वाढदिवसाला केक, डिसेंबरात फॅमिली डे. मी रांगोळीत दुसरी आले होते. केक चांगला असायचा, खोटं बोलणार नाही. पण माझ्या शेजारच्या खुर्चीवरची मुलगी नोकरी सोडून गेली ते मला तीन दिवसांनी कळलं. बीपीची गोळी तिथंच सुरू झाली. वयही झालं होतं, म्हणून सगळं खापर पडद्यावर फोडत नाही.

तिथं मला बुद्रुकनं वाचवलं. आपल्याकडे एका नावाची दोन गावं असली की एक बुद्रुक, एक खुर्द. फारसीतला ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, ‘खुर्द’ म्हणजे लहान. अर्जांवर लोक बु., खु. लिहितात, इंग्रजीत बी.के. आणि के.एच. शहरातल्या पोरांना त्याचा पत्ता नव्हता. एकानं तर बी.के. ही गिऱ्हाइकाच्या नावाची आद्याक्षरं समजून ती नावात घातली. परिणाम काय, तर खुर्दची एटीएम कार्डं बुद्रुकला आणि तिथून पुण्याला परत. मी जेवणाच्या सुटीत एक यादी करायला घेतली. सातारा, सांगली, कोल्हापूरची गावं मला अण्णांच्या गाडीच्या पाट्यांवरून माहीत होती, बाकी जिल्ह्यांसाठी हॉलमधल्या माणसांना विचारत सुटले. तू कुठला? तुझ्या तालुक्यात खुर्द किती? शंभर माणसांच्या हॉलमध्ये तेहतीस तालुके निघाले. पडद्याला डोळे लावलेली पोरं आपापल्या आज्यांना फोन करायला लागली, “आजी, वाडी वरची का खालची?” दोन महिन्यांत मी ‘गाववाल्या मॅडम’ झाले. फॅमिली डेला जे झालं नव्हतं, ते या यादीवर झालं.

पुढं साहेबांनी ती यादी बघितली, खूश झाले, सिस्टीममध्ये घातली. चांगलंच झालं, कार्डं परत येणं कमी झालं. मग तिच्यावर एक फॉर्म आला, रोज किती नोंदी वाढवल्या ते भरायचा. माझं मन त्यातून उडालं. हे म्हणणं आडमुठेपणाचं आहे, मला माहीत आहे. आपली चांगली गोष्ट सगळ्यांची व्हावी असं वाटतं आणि झाली की टोचतं. आईच्या भाषेत, मायेवरच शिलाई मारून टाकली की पुढं उसवायला काही उरत नाही.

आता यात सगळंच गोड आहे असं समजू नये. आमच्या शाखेत एक गृहस्थ होते, त्यांनीही आपलं काम स्वतःच्या मापाचं करून घेतलं होतं. गर्दी वाढली की ते लॉकरच्या किल्ल्या घेऊन तळघरात जायचे आणि गर्दी ओसरली की वर यायचे. त्यांच्यासारखा सुखी माणूस मी पाहिला नाही. त्यांनी कातरलेलं कापड आम्हा बाकीच्यांच्या अंगावर यायचं. आणि दुसरी बाजू याहून वाईट. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशा सेविका आल्या. माझी चुलत वहिनी आशा आहे. रात्री दोनला बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जाणं, गोळ्या घेतल्या का बघायला पुन्हा जाणं, सासूला समजावणं, हे सगळं ती मनापासून करते आणि गाव तिला मानतं. पण कागदावर ती स्वयंसेविका, पगार नव्हे, मानधन आणि कामागणिक मोबदला. तिला हे ‘जॉब क्राफ्टिंग’ मी सांगितलं तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाली, “ताई, माया आम्हीच सोडायची आणि कापड पण आम्हीच आणायचं व्हय?” मला उत्तर देता आलं नाही.

शेवटची तीन वर्षं विनंती बदलीवर मी पुन्हा तालुक्याच्या शाखेत काढली, कर्जविभागात, मान असलेल्या टेबलावर. मागच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी माझ्या जुन्या काउंटरवरच्या मुलीला मी माझी वही दिली. कुणाला ऐकू येत नाही, कुणाचं कुठलं बोट लागतं, कुणाला आकडे मोठ्यानं वाचून दाखवायचे नाहीत कारण मागे सून उभी असते, असं सगळं. मुलगी यवतमाळकडची, नोकरी लागून वर्ष झालेलं. तिनं वही चाळली, हसली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मला जरा लागलं.

गेल्या नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला गेले. पहिल्यांदाच काचेच्या या बाजूनं. यंत्रातून चिठ्ठी घेतली, ३४. आत बघते तर बाकडं जागेवर नाही. भिंतीलगतचं ते लांब लाकडी बाकडं तिनं उचलून दाराच्या काचेकडे तोंड करून लावलेलं. वीस-पंचवीस म्हातारे-म्हाताऱ्या काउंटरकडे पाठ करून बसलेल्या. तेलाची बाटली होती, पण हिरवी.

जेवणाच्या वेळेआधी जरा उसंत मिळाल्यावर मी विचारलं, “बाकडं का गं फिरवलंस?”

“मॅडम, तिथून स्टँड दिसते ना. गाडी लागली का ज्याचा तो उठते.”

“आणि टोकनचं काय? नंबर तर मागचा असतो.”

“टोकनवर कुठं नाव असते? बदलून घेतात आपसात. मशीनला काय समजते.”

अकरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी रांगेला विचारत बसले होते, यंत्र आल्यावर हात टेकून मोकळी झाले होते. तिनं बाकडं तेवढं फिरवलं.

मी जाऊन बसले. बाहेर फलाटावर खोऱ्याची गाडी मागे येत लागत होती. शेजारचे पागोटेवाले आजोबा उठले, हातातली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली, ४१. मग माझ्याकडे वळले. “बाय, तुमी गावातल्याच न्हवं? माजी पावनेएकची हाय.”

मी माझी ३४ त्यांच्या हातात दिली आणि ४१ घेऊन बाकड्यावर टेकून बसले.